पडलेला संगणक आणि भिंतीवरची पाटी

विद्यार्थी मित्रहो, सुज्ञ पालक बंधू-भगिनींनो आणि विश्वस्त मंडळातील मान्यवर,



दसऱ्याच्या सुट्टीनंतर शाळा उघडली आणि पहिल्याच आठवड्यात आपल्या संगणक कक्षातील एक संगणक बंद पडला. घटना तशी लहान. परंतु तिच्यामुळे आम्हांला स्वतःची एक चूक उमगली. ती चूक कार्यालयाच्या चार भिंतींत न ठेवता या अंकात सांगावी असे ठरवले, कारण त्यावरचा उपाय आपणा सर्वांना मिळून करायचा आहे.

झाले ते असे. शाळा सुटल्यावर कक्ष झाडण्याची पाळी नववीच्या मुलांची होती. खुर्च्या सरकवताना एका मुलाचा पाय वायरमध्ये अडकला आणि चालू असलेला सीपीयूचा डबा टेबलावरून खाली फरशीवर आदळला. मुले घाबरली. त्यांनी डबा उचलून जागेवर ठेवला, वायर पुन्हा खोचली, बटण दाबून पाहिले. पडदा काळाच राहिला. तेव्हा दार लोटून मुले घरी गेली. कोणी कोणाला काही बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या लिपिकांनी नेहमीप्रमाणे बटण दाबले. आत पंखा फिरला, टूं-टूं आवाज आला, पडद्यावर मात्र काही नाही. त्यांनी पुन्हा दाबले. मग आम्ही जाऊन दाबले. संगणक पडला आहे याची आम्हांला कल्पनाच नव्हती. वीज गेली असेल, व्होल्टेज कमी असेल, अशा समजुतीने आम्ही सर्वांनी मिळून दहा-बारा वेळा तरी तो चालू-बंद केला. शेवटी डब्याचा एक कोपरा चेपलेला दिसला तेव्हा प्रकार लक्षात आला.

प्रार्थनेच्या वेळी आम्ही रागाने विचारले, “कोणी पाडला?” कोणी पुढे आले नाही. “भरपाई वसूल केल्याशिवाय सोडणार नाही,” असेही आम्ही बोलून गेलो. त्या दिवशी एक मुलगा मधल्या सुट्टीत घरी गेला तो परत आलाच नाही. पुढचे तीन दिवस त्याची गैरहजेरी लागली.

चौथ्या दिवशी तो वडिलांना घेऊन आला. वडिलांची थोडी कोरडवाहू शेती आहे, हंगामात ते जिनिंगवर कामाला जातात. त्यांनी खिशातून रुमालात बांधलेल्या नोटा काढून आमच्या टेबलावर ठेवल्या आणि म्हणाले, “सर, पोट्ट्याच्या हातून कम्पुटर पडला. हे दोन हजार ठेवा. बाकीचे कापूस विकला की आणून देतो. पण त्याले शाळेतून काढू नका.”

त्या नोटा उसन्या आणलेल्या होत्या, हे आम्हांला नंतर कळले. आम्ही त्या तशाच परत केल्या. परंतु त्या गृहस्थांसमोर मान वर करून पाहण्याचे धैर्य आम्हांला झाले नाही. हे सर्व आम्ही त्या दोघांच्या परवानगीनेच लिहीत आहोत. नाव मुद्दाम दिलेले नाही.

आता त्या संगणकाला प्रत्यक्षात काय झाले होते ते सांगतो.

गावात संगणक दुरुस्त करणारा एक तरुण आहे, आपल्याच शाळेचा माजी विद्यार्थी. त्याला बोलावले. तो येताच आम्ही म्हटले, “बघ रे, नवीन घ्यावा लागेल का?” तो हसून म्हणाला, “सर, आधी उघडून तर पाहू.” त्याने त्या मुलाच्या हाती टॉर्च दिला आणि त्याला शेजारी उभे केले.

पहिले काम त्याने केले ते भिंतीवरचे बटण बंद करून वायर उपसण्याचे. मग संगणकाचे बटण काही सेकंद दाबून धरले, म्हणजे आत उरलेला करंट निघून जातो. डबा हळूच एका बाजूला कलवून त्याने कान लावला. आत एखादा स्क्रू सुटून खुळखुळत असेल आणि तो मदरबोर्डावर कोठे अडकला तर चालू करताच शॉर्ट होतो, म्हणून. जळकट वास येतो का, तेही पाहिले. मागच्या वायरींच्या पिना वाकल्या आहेत का, हे तपासले. मॉनिटर दुसऱ्या संगणकाला जोडून पाहिला. मॉनिटर चांगला होता. म्हणजे दोष डब्यातच, एवढे पक्के झाले.

डबा उघडला तर आत कापसाच्या तंतूंची आणि धुळीची गादीच तयार झालेली. आपला जिल्हा कापसाचा. जे खिडकीतून वर्गात येते तेच पंख्यातून संगणकात जाते. मऊ ब्रशने ती धूळ काढताना तो मुलाला एकेक भाग दाखवू लागला.

“पंखा फिरतो, टूं-टूं वाजते आणि चित्र येत नाही, तेव्हा पहिला संशय रॅमवर घ्यायचा,” असे तो म्हणाला. हे आवाज म्हणजे संगणकाची तक्रार सांगण्याची भाषाच असते. किती वेळा आणि किती लांब वाजले यावरून दोष कळतो. मात्र प्रत्येक कंपनीची खूण वेगळी असल्यामुळे ती पुस्तिकेत पाहावी लागते. रॅमची पट्टी खाचेत उभी बसवलेली असते आणि दोन्ही टोकांना खिट्ट्या असतात. पडण्याच्या धक्क्याने एक खिट्टी सुटून पट्टी अर्धी वर आली होती. त्याने आधी डब्याच्या उघड्या लोखंडाला हात लावला, कारण अंगावरच्या स्थिर विजेने नाजूक भाग खराब होऊ शकतात. मग पट्टी काढली, तिचे सोनेरी टोक स्वच्छ कोरड्या फडक्याने पुसले आणि खाच जुळवून दोन्ही अंगठ्यांनी सारखा दाब दिला. ‘टक्’ आवाज झाला. बटण दाबले आणि पडद्यावर अक्षरे उमटली.

खर्च शून्य. आणि या शून्य रुपयांच्या दोषापायी एक मुलगा तीन दिवस शाळेला मुकला होता आणि एका बापाने कर्ज काढले होते.

परंतु गोष्ट येथे संपली नाही. संगणक सुरू होताच आतून ‘कट्-कट्’ असा आवाज येऊ लागला. त्या तरुणाने क्षणात तो बंद केला. “सर, आता हात लावू नका. ही हार्ड डिस्क आहे. किती वेळा चालू केला होता?” आम्ही खाली मान घालून सांगितले, “दहा-बारा वेळा.”

जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कमध्ये गुळगुळीत तबकड्या वेगाने फिरतात आणि त्यांच्यावरून एक बारीक वाचक सरकत असतो. दोहोंतील अंतर केसाच्या जाडीपेक्षा हजारो पटींनी कमी असते. चालू स्थितीत डबा आपटला की वाचक तबकडीला लागू शकतो. एकदा ओरखडा पडला की पुढे दर वेळी चालू करताना तो वाढण्याची भीती असते. म्हणून अशा वेळी नियम एकच. आवाज आला की बंद करा, पुन्हा पुन्हा प्रयत्न करू नका, आणि डिस्क जाणत्या माणसाकडे देऊन आधी माहितीची प्रत काढून घ्या. नव्या एसएसडीमध्ये फिरणारे भाग नसल्यामुळे हा धोका नसतो. आपल्या संगणकात ती नव्हती.

डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडली आणि जेवढे येईल तेवढे उतरवून घेतले. दहावीच्या विद्यार्थ्यांची यादी आली, दाखले आले, निकालाचे तक्ते आले. परंतु दोन वर्षांच्या स्नेहसंमेलनांची छायाचित्रे आली नाहीत. त्यांत आपल्या एका दिवंगत शिक्षकांचे व्यासपीठावरचे शेवटचे छायाचित्र होते. त्यांच्या घरच्यांनी ते मागितले आहे आणि आमच्याकडे देण्यासारखे काही नाही.

आता प्रश्न असा की ही छायाचित्रे कोणी घालवली? मुलाच्या हातून संगणक पडला हे खरे. परंतु त्याच संध्याकाळी त्याने येऊन सांगितले असते तर आम्ही दुसऱ्या दिवशी बटण दाबलेच नसते. आघात झालेली डिस्क आम्ही स्वतःच्या हातांनी दहा-बारा वेळा फिरवली. ती छायाचित्रे वाचलीच असती असे छातीठोकपणे सांगता येणार नाही, पण वाचण्याची संधी आम्ही घालवली एवढे निश्चित. आणि त्याने का सांगितले नाही? याचे उत्तर कक्षाच्या दारावरच लिहिलेले होते. “संगणकाची मोडतोड केल्यास भरपाई वसूल केली जाईल. आज्ञेवरून, मुख्याध्यापक.” त्या पाटीखाली आमचीच सही होती.

आमचे मत असे झाले आहे की जी पाटी मुलाला खोटे बोलायला किंवा गप्प बसायला लावते, ती वस्तूचे रक्षण करीत नाही. वस्तू पडायची ती पडतेच. पाटीमुळे एवढेच होते की ती पडली हे कळायला उशीर होतो, आणि उशीर हेच मोठे नुकसान असते.

हे केवळ टेबलावरून पडलेल्या संगणकाचे नाही. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत एका दिवसात ९४४ मिलीमीटर पाऊस झाला, ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात आणि जुलै २०२१ मध्ये चिपळुणात पूर आला. अशा पुरांत घरे, दुकाने आणि कार्यालये यांतील संगणकही पाण्याखाली जातात. अशा वेळी चालतो का ते पाहण्यासाठी बटण दाबण्याचा मोह आवरत नाही. परंतु ओल्या बोर्डातून वीज खेळली की वाचण्याजोगा भागही जळतो. आधी वीज तोडणे, मग उघडणे, स्वच्छ करणे, पूर्ण वाळवणे आणि जाणत्याला दाखवणे हाच क्रम योग्य. पाणी शिरले हे लगेच सांगणारा माणूस तेथेही सर्वांत उपयोगी ठरतो.

आणि पडलेली वस्तू संपली असे लगेच समजू नये, याचे एक मोठे उदाहरण मुलांना सांगावेसे वाटते. १ फेब्रुवारी २००३ रोजी ‘कोलंबिया’ अंतराळयान पृथ्वीवर परतताना सुमारे ६० किलोमीटर उंचीवर तुटले. हरियाणातील कर्नालची कन्या कल्पना चावला आणि तिचे सहा सहकारी त्यात मृत्यू पावले. यानाच्या अवशेषांत पुढे एक हार्ड डिस्क सापडली, करपलेली, वितळलेली, धूळ शिरलेली. तिच्यात झेनॉन वायूवरील एका प्रयोगाची माहिती होती. तज्ज्ञांनी तिच्या तबकड्या काढून स्वच्छ केल्या, दुसऱ्या डिस्कमध्ये बसवल्या आणि जवळजवळ ९९ टक्के माहिती परत मिळवली. ओरखडे पडले होते ते सुदैवाने तबकडीच्या रिकाम्या भागावर. २००८ मध्ये त्या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. माणसे परत आली नाहीत, ते दुःख कायमचेच. पण त्यांचे काम वाया गेले नाही, कारण ती काळी पडलेली डबी कोणी कचऱ्यात टाकली नाही आणि कोणी अडाणीपणाने चालू करूनही पाहिली नाही.

आम्ही हिंदी माध्यमातून पदवीधर झालो. आमच्या काळात कॉलेजात संगणक दिसत नसे आणि पुढे इंग्रजी पुस्तिकांची भीती वाटून आम्ही त्या यंत्रापासून दूरच राहिलो. म्हणून आमच्या मनात असे बसले होते की संगणक दुरुस्त करणे हे शहरातल्या, इंग्रजी शिकलेल्या लोकांचे काम. त्या दिवशी टॉर्च धरून उभ्या असलेल्या मुलाने हा समज दूर केला. रॅम बसवून झाल्यावर तो हळूच म्हणाला, “सर, हे आमच्या मोटरीवानीच हाय.”

आम्ही त्याला विचारले, कसे? तो सांगू लागला. विहिरीवरची मोटर चालू झाली नाही तर बाबा आधी लाईन आहे का पाहतात. मग फ्यूज. मग स्टार्टर. मग वायर कोठे उंदराने कुरतडली का. मोटर फिरते पण पाणी येत नाही, तर मग फुटव्हॉल्व्ह. एका वेळी एकच गोष्ट पाहायची, सगळे एकदम सोडायचे नाही.

विश्वस्त महोदय, हेच तर सर्व दुरुस्तीचे शास्त्र आहे. बाहेरून आत जावे, सोप्यापासून अवघडाकडे जावे, एका वेळी एकच बदल करावा आणि पाहावे. दिवा लागत नाही आणि पंखाही फिरत नाही, तर वीज, वायर आणि मागचे बटण. पंखा फिरतो पण चित्र नाही, तर रॅम. चालू होतो पण काही मिनिटांत बंद पडतो, तर प्रोसेसरवरचा पंखा धक्क्याने सैल होऊन तो तापत असेल. तारीख-वेळ दर वेळी चुकते, तर बोर्डावरचा नाण्याएवढा सेल हलला किंवा संपला असेल. हे ज्ञान पैनगंगेच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या प्रत्येक शेतकऱ्याच्या घरात आहे. मुलांना फक्त ते येथेही लागू पडते, एवढेच दाखवायचे आहे. आमच्याकडे मराठी, तेलुगू, गोंडी, उर्दू बोलणारे शेजारी आहेत, आणि मोटर बिघडली तर सर्व भाषांत हाच क्रम चालतो.

काही विश्वस्तांनी असे सुचवले आहे की यापुढे संगणक कक्षाला कुलूप लावावे आणि शिक्षक असल्याशिवाय मुलांना आत सोडू नये. त्यांची काळजी आम्ही समजतो. ही यंत्रे देणगीदारांच्या घामाच्या पैशांतून आली आहेत. कोणी मुद्दाम नासधूस केली तर त्याला माफी असू नये, हेही मान्य. परंतु कुलपातला संगणक पडत नाही, तसाच तो शिकवतही नाही. आपली मुले गाव सोडून हैदराबादला, नांदेडला, नागपूरला शिकायला जातील तेव्हा तेथे त्यांच्याशी बरोबरी करायला त्यांच्या हाताला सवय हवी, आणि सवय कुलपाबाहेरच लागते.

शिक्षकांशी बोलून आम्ही काही गोष्टी ठरवल्या आहेत. त्यांस आपली संमती हवी.

पहिली, दारावरची पाटी आम्ही काढली आहे. तेथे आता असे लिहिले आहे: “काही पडले, तुटले, भिजले तर बटण दाबू नका. वायर काढा आणि लगेच येऊन सांगा. सांगणाऱ्याला दंड नाही.” भिजले असेल तर मात्र मुलांनी वायरलाही हात न लावता मोठ्यांना बोलवावे.

दुसरी, कक्षात एक ‘बिघाड वही’ ठेवली आहे. काय घडले, काय दिसले, काय ऐकू आले, काय करून पाहिले, हे मुलांनी स्वतःच्या अक्षरात लिहायचे. पहिली नोंद त्याच मुलाने केली आहे.

तिसरी, एक जुना, बाद झालेला संगणक आठवी-नववीच्या मुलांसाठी उघडा ठेवायचा. रॅम काढणे, बसवणे, धूळ साफ करणे, सेल बदलणे, हे त्यावर शिक्षकांच्या देखरेखीखाली शिकायचे. दोन वस्तूंना मात्र कोणीही हात लावायचा नाही. एक म्हणजे विजेची पेटी, जिला एसएमपीएस म्हणतात, आणि दुसरा जुना पिक्चर ट्यूबचा मॉनिटर. त्यांच्यात वायर काढल्यानंतरही जीवघेणा करंट साठून राहू शकतो.

चौथी, दर शनिवारी शाळेच्या सर्व नोंदींची आणि छायाचित्रांची प्रत दोन ठिकाणी काढायची. त्यांतली एक प्रत शाळेच्या इमारतीबाहेर राहील. ज्याची प्रत एकच, ती आपली नव्हेच असे समजावे.

पाचवी, वायरी भिंतीला पट्ट्यांनी बांधायच्या, म्हणजे पायात येणार नाहीत. हे आधीच करायला हवे होते आणि ती जबाबदारी आमची होती. वायर आडवी सोडणारे आम्ही आणि दंड भरणारा मुलगा, हा कोठला न्याय?

सहावी, खरोखर निकामी झालेले सामान भंगारवाल्याला विकायचे नाही. जुन्या बोर्डांत आणि पिक्चर ट्यूबच्या काचेत शिसे असते आणि तांब्यासाठी वायरी जाळल्या की विषारी धूर होतो. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. त्यांप्रमाणे हे सामान नोंदणीकृत केंद्राकडेच जाईल.

पालकांना एक विनंती. घरी मुलाच्या हातून कपबशी फुटली, मोबाईल पडला, सायकलचा आरसा तुटला, तर आधी “लागलं का रे?” असे विचारा आणि मग “कसं झालं?” असे विचारा. किंमत शेवटी विचारा. जो मुलगा फुटलेली कपबशी लपवायला शिकतो, तो उद्या पायात रुतलेला काटा लपवील, परवा परीक्षेतले गुण लपवील आणि पुढे काय काय लपवील याचा नेम नाही.

विद्यार्थी मित्रहो, तुम्हांला एवढेच सांगणे आहे की तुमच्या हातून वस्तू पडेल. आमच्याही हातून पडते. पडल्यावर धावत या, आम्ही रागावलो तरी या. आम्हांलाही नवी सवय लागायला थोडा वेळ लागेल, पण आम्ही ती लावून घेऊ.

ज्यांच्याकडे आपल्या स्नेहसंमेलनांची जुनी छायाचित्रे असतील, त्या पालकांनी व माजी विद्यार्थ्यांनी ती कृपया शाळेत आणून द्यावीत. प्रत काढून मूळ छायाचित्र त्याच दिवशी परत केले जाईल. त्या दिवंगत शिक्षकांच्या घरी एक छायाचित्र पोहोचवायचे आमच्याकडे बाकी आहे.

कळावे, लोभ असावा.

आपले,
मुख्याध्यापक